नमद्याच्या काळजाला बसलेली धास्ती

चर्र्. वितळलेलं शिसं थंड पाण्यात पडलं आणि श्वास रोखून बसलेल्या बायकांनी एकदम सुस्कारा सोडला. पाण्याचं भांडं ज्या डोक्यावर धरलं होतं, ते जाड रजईखाली होतं आणि बुरुलचं होतं.

शिसं ओतून धास्ती उतरवणाऱ्या आणि साऱ्या गावाची थोरली बहीण म्हणवणाऱ्या सोनुनएजेनं पाण्यातला खडबडीत गोळा काढून फिरवला. "हा बघा डोळा, हे कान. लांडगा. दचकून सुनेचं काळीज जागचं सरकलंय."

एका शेजारणीला त्यात लांडगा दिसेना, उंट दिसला. एजे म्हणाली, लांडगा उंटावर बसलाय.

बुरुलची बोटं सकाळी अशी आखडत की नमदा, म्हणजे लोकरीचं जाड अंथरूण, लाटायला मूठच वळत नसे. गालांवर नि नाकावर लाल चट्टा उठे, तोंडात फोड येत, केस विंचरावेत तर हातात येत. उन्हाळ्यात मेंढ्यांमागे वरच्या कुरणात गेलं की सगळं बळावे. पानगळीला खाली आलं की ओसरे. आणि एजे शिसं ओतायची ती नेमकी पानगळीला. गुण कुणाचा? एजेचा.

यंदा मात्र दुखणं कुरणात जायच्या आधीच उठलं. बुरुलनं गुपचूप शहरातल्या डॉक्टर नाझगुलना फोन केला. त्यांनी पुढची तारीख दिली आणि बजावलं: तोवर उन्हात तोंड झाकून जा. चट्टा उठला की लगेच फोटो काढ, माझ्यासमोर येईपर्यंत तो मावळलेला असेल. सकाळी बोटं मोकळी व्हायला किती वेळ लागतो, ते बघत जा. कुणाचं चूर्ण, काढा पोटात घेऊ नकोस. आणि पायावर सूज आली, लघवीला फेस यायला लागला, छातीत दुखलं किंवा दम लागला, तर तारखेची वाट बघायची नाही. त्याच दिवशी यायचं.

एजेनं तेच शिशाचं पाणी रोज प्यायला सांगितलं होतं. बुरुल ते दाराबाहेर ओतायची.

शिसं ओतायच्या तिसऱ्या बैठकीच्या सकाळी तिचे पाय सुजले. बोट दाबलं तिथं खड्डा राहिला. लघवी फेसाळली होती. ती सासूला म्हणाली, "आपा, मला आजच शहरात जायला हवं." आपा घाबरली, पण वेगळ्याच गोष्टीला. बैठका अर्धवट सोडल्या तर धास्ती नातीवर उतरेल, असं एजे सांगून गेली होती. नात म्हणजे सहा वर्षांची मेरिम. आता कोणती आजी हो म्हणेल?

रोग्यानं एजे यायच्या आधीच रजईखाली बसायचं आणि अवाक्षर काढायचं नाही, हा एजेचाच नियम. बुरुलनं नव्या नमद्याची गुंडाळी जागेवर उभी केली, तिला आपला रुमाल बांधला, वर रजई टाकली आणि स्वतः पडद्याआड उभी राहिली. मेरिमनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

चर्र्.

"अरे देवा," एजे कळवळली. "हिला पाण्याची धास्ती आहे. बिचारीला कुणीतरी फार तुडवलंय. फार सोसलंय हिनं." बायकांनी डोळे पुसले.

"खरंय एजे," बुरुल पडदा सारून म्हणाली. "आम्हीच तुडवलंय तिला. अंगणात, गरम पाणी ओतून."

तिनं रजई ओढली. उंट पाहणारी शेजारीण आधी हसली, मग बाकीच्या. सुनेचं काळीज घसरून नमद्यात शिरलंय, असं एजे म्हणून बघत होती, पण ऐकायला कोण शुद्धीवर होतं? आपा तेवढी हसली नाही. तिनं तेच शिसं पुन्हा वितळवलं आणि चहाच्या रिकाम्या किटलीवर भांडं धरून ओतलं. पुन्हा डोळा, पुन्हा कान. तापलेलं शिसं गार पाण्यात पडलं की वेडंवाकडं गोठणारच. खाली सून असो की किटली. आपानं भांडं आदळलं आणि बुरुलच्या दिराला गाडी काढायला हाक मारली.

शहरात रक्त, लघवी तपासली. मूत्रपिंडाला झळ लागायला सुरुवात झाली होती. आवरता येईल अशा वेळी आलात, असं म्हणत डॉक्टरांनी औषध सुरू केलं. फोनमधले चट्ट्याचे फोटो त्यांनी मोठे करकरून पाहिले. कुरणातलं कडक ऊन या दुखण्याला चेतवतं, म्हणाल्या. खाली उतरलं की आराम पडायचा तो त्यामुळे. "रोगाशी लढणारे शरीराचे पहारेकरी आपल्याच घराला परकं समजून झोडपतात. दचकण्यानं नाही, कुणाच्या नजरेनं नाही. पहारेकरी का चुकतात, हे आम्हालाही पुरतं कळलेलं नाही."

आपाला हे चमत्कारिक वाटलं. एजेला तर सगळंच कळत होतं. पण ज्याच्याकडे लांडग्यापासून उंटापर्यंत सगळ्याची उत्तरं तयार असतात, त्याच्यापासून आपलं माणूस आधी उचलावं आणि जो तपासतो, अडलं तर माहीत नाही म्हणतो, त्याच्याकडे न्यावं. तेही सूज चढायच्या आत.

परतीच्या वाटेवर, डॉक्टरांचं सगळं ऐकलेली मेरिम आईच्या मांडीवर चढली. तिनं आईच्या गालावरच्या चट्ट्यावरून हलकेच बोट फिरवलं.

"आई, मी तर तुला अंधारातही ओळखते. मग तुझ्या आतच राहणाऱ्या पहारेकऱ्यांना तू ओळखू कशी येत नाहीस?"