टिपक्याचा टिपका

मी एक जुना फोटो आहे आणि माझा कोणावरही चटकन विश्वास बसत नाही. मित्रांनो, होळी नावाच्या गावात बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात दिवस काढले असते, तर तुम्हीही असेच झाला असता. दमट हवेने शेजारच्या फोटोंवर पांढरी बुरशी चढताना मी पाहिली आहे.

१९९६ साली त्या घरच्या रुडॉल्फने ओट्यावर पालथं पडून मला काढलं. समोर त्याचा काळा कुत्रा, टिपक्या. डाव्या डोळ्याखाली तांदळाएवढा पांढरा टिपका. पुढच्या वर्षी टिपक्या मेला आणि रुडॉल्फची बायको उर्सुला रडून बेजार झाली.

तिला टिपक्याचं चित्र भिंतीवर हवं होतं. माणिकपूरच्या श्रीपत पेंटरकडे तिने दोन फोटो नेले. एक मी, कोपरा दुमडलेला. दुसरा स्टुडिओतला, गुळगुळीत. त्याच्यावर माझा पहिल्यापासून संशय. स्टुडिओवाल्याने डोळ्याखालचा टिपका धूळ समजून ब्रशने काळा करून टाकला होता.

श्रीपतने आम्हाला खिडकीपाशी नेलं. "उर्सुलाबाय, हा स्टुडिओतला नको. कान पाडलेत, घाबरलाय तो. ह्याच्यात बघा, उजेड बाजूने आलाय, डोळे कसे बोलतात! हाच घेतो."

मी काही हुरळलो नाही. कौतुक करणारा पुढे काय करतो, ते आधी पाहावं. श्रीपतने कापसाचा बोळा ओला केला. "बुरशी आलीय जराशी, पुसून घेतो," म्हणत तो थेट त्या पांढऱ्या टिपक्याकडे वळला. ओल्या बोळ्याने माझा रंग उठला असता, आणि तो टिपका आता माझ्याशिवाय कुठेच उरला नव्हता. मला फार भीती वाटली.

"थांब रे! पानी नको लावू!" उर्सुलाबायने त्याचा हात धरला. "बुरशी नाय ती. त्याच्यावरूनच नाव ठेवला आमी."

श्रीपत ओशाळला. आठ दिवस मला समोर टाचून त्याने चित्र रंगवलं, पण त्यात टिपका काही काढेना. माझा संशय बळावला. शेवटी उर्सुलाबाय आली, तेव्हा तिच्यासमोर त्याने ब्रशच्या टोकाने तो ठेवला. तिने न राहवून बोट लावलं. रंग ओलाच होता. श्रीपतने टिपका पुन्हा ठेवला. बोटावरचा पांढरा रंग मात्र तिने घरी पोचेपर्यंत पुसला नाही.

मित्रांनो, फोटोवरचा डाग पुसण्याआधी घरच्या माणसाला विचारत जा. माझ्या पाठीवर आता पेन्सिलीने लिहिलं आहे, 'टिपक्या. टिपका पुसू नये.' अक्षर श्रीपतचं आहे. तेवढ्यापुरता मी त्याच्यावर विश्वास ठेवला आहे.