गरोदर नसल्याचा दाखला

साहेब, तुमचा पोरींच्या मुतावर भरवसा आहे, पोरींवर नाही. दिवाळीची सुट्टी संपली की प्रत्येकीने गरोदर नसल्याचा दाखला आणायचा, मगच वसतिगृहात खोलीची चावी मिळणार, हा फतवा तुमचाच.

बारवी धरणामागच्या वाडीतली चंद्री तुमच्या वसतिगृहात राहून अंबरनाथला बी.कॉम. करत होती. दुसरं वर्ष. सोमवारी परीक्षा. वाडीवरून रोज येणं-जाणं जमण्यातलं नाही. खोली गेली की कॉलेज गेलं. आणि नेमकी तिची पाळी आठ दिवस लांबलेली.

सुट्टीआधी तिच्या मित्राबरोबर, तुषारबरोबर असताना निरोध फाटला होता. दुसऱ्याच दिवशी ती उल्हासनगरला, जिथे तिला कुत्रं ओळखत नाही, तिथल्या मेडिकलमध्ये गेली. म्हाताऱ्या सिंधी दुकानदाराने "कितने घंटे हुए, बेटी?" एवढंच विचारलं आणि गोळी पुढे सरकवली. पाचव्या दिवशी दोन डाग पडले. तिला वाटलं, सुटले. पुढे काहीच नाही.

तुषारला फोन केला तर म्हणतो, "गोळी घेतली ना? मग बस ना यार. मैं क्या डॉक्टर है?"

सरकारी दवाखान्यात तिची आई गोजरबाई सोबत आली होती. आईला वाटत होतं, रक्त तपासतात. बाटल्या घेतलेल्या सहा पोरी ओळीत उभ्या. मागून मनाली म्हणाली, "मला ना नवरा, ना बॉयफ्रेंड. माझा पॉझिटिव्ह आला तर देवळात बसवा मला." सगळ्या हसल्या. चंद्रीही हसली.

पट्टीवर एकच रेघ आली. चंद्रीने नर्सच्या कानाशी लागून गोळीचं सांगितलं.

"गोळीने पाळी पुढेमागे होते गं," नर्स हळूच म्हणाली. "आठवड्यात नाही आली तर परत ये. पण आज तरी निगेटिव्ह आहे." तिने दाखल्यावर शेवटच्या पाळीची तारीख टाकली, कारण रकाना होता.

वसतिगृहाच्या ऑफिसात वॉर्डन मॅडमनी त्याच रकान्यावर बोट ठेवलं.

"दिवस उलटून गेलेत की तुझे."

"निगेटिव्ह आहे मॅडम."

"आज आहे. उद्या काही निघालं तर माझी नोकरी जाईल. पाळी येऊ दे, मग चावी."

"सोमवारी पेपर आहे."

"ते आधी आठवायचं होतं."

गोजरबाई दाराशी पिशवी धरून उभी होती. "कसला रिपोट, बाई?"

मॅडमनी सांगितलं. सरळ, शिपायासमोर.

गोजरबाईने पोरीकडे पाहिलं. मग खाली वाकून पोरीची ट्रंक उचलली. "चल. शिकलीस तेवढं लय झालं."

चंद्रीने ट्रंकेची दुसरी कडी धरली आणि सोडली नाही. आईला म्हणाली, "घरी गेल्यावर मार मला. आता थांब." मग टेबलावरचा कोरा कागद मॅडमपुढे सरकवला.

"पाळी आली नाही म्हणून चावी नाही, असं लिहा. कोणी सांगितलं त्या साहेबांचं नाव टाका. खाली सही करा."

"आगाऊपणा नको."

"लिहून देताय का नाही, मॅडम?"