सात नंबरच्या गोडाऊनमधली फायनल

वळ गावात मे महिन्याच्या दुपारी दोन वाजता फुटबॉलची फायनल असते, हे ऐकून बाहेरची माणसं आधी हसतात. मग खेळायला येतात. मग हसत नाहीत.

सहा वर्षं आम्ही आमच्या मैदानावर हरलो नव्हतो. मी बाळाराम, गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो आणि उरलेल्या वेळात नवतरुण वळ संघाला शिव्या घालतो. त्याला कोचिंग म्हणतात. पण खोटं कशाला बोलू, ती सहा वर्षं माझी नव्हती, उन्हाची होती. दोनची वेळ काही आम्ही कावा करून ठरवली नव्हती. आमची पोरं सगळी लोडिंगची. सकाळची ड्युटी दीडला सुटते, संध्याकाळचे कंटेनर सहाला लागतात, मधल्या वेळात काय खेळायचं ते खेळा. पाहुणे पहिला अर्धा तास पळायचे आणि मग सावली शोधायचे. मैदानात सावली एकच, गोलपोस्टच्या खांबाची, आणि तिच्यात माणसाचा फक्त एक हात मावतो.

ते मैदान चांगदेवशेठचं. गावात उरलेली शेवटची मोकळी जागा तीच, बाकी सगळीकडे पत्रा चढलाय. शेठची आठ गोडाऊनं आहेत, आणि नववं कुठे बांधू या विचाराने माणसाला झोप लागत नाही. एका कंपनीला ते मैदान हवं होतं. पण गावाचा कप त्या मैदानावर येतो, म्हणून शेठना सरळ 'दिलं' म्हणायची लाज वाटत होती. ती लाज घालवायला त्यांचा पुतण्या कुणाल पुण्याहून आला.

कुणालने खेळाच्या मॅनेजमेंटचा कोर्स केलाय. फुटबॉलला पाय लावताना मी त्याला कधी पाहिलं नाही, पण लॅपटॉप उघडला की थांबत नाही. गावदेवीच्या देवळासमोर सगळ्यांना बसवून त्याने परदेशातले तक्ते दाखवले. कुठल्या स्टेडियमला छप्पर, कुठल्याला नाही, कुठे बर्फ पडतो, कुठे वारा सुटतो, कोण घरी किती जिंकतो.

"होम अ‍ॅडव्हांटेज म्हणजे आवाज," कुणाल म्हणाला. "उघड्यावर आवाज वर जातो, वाया जातो. छपराखाली तो पाहुण्यांच्या डोक्यावर पडतो. आणि हवामान हा नशिबाचा भाग आहे, तो आपण काढून टाकायचा."

हवामान काढून टाकायचं म्हणे! दारातली चप्पल आहे का ती, बाजूला सरकवायला?

"काकांचं सात नंबरचं गोडाऊन रिकामं हाय," कुणाल गावच्या भाषेवर येत म्हणाला. "खाली टर्फ टाकू. वळचं इनडोअर स्टेडियम. मग या मैदानाची गरजच काय?"

शेठ खाली मान घालून हसले. माझं डोकं सटकलं. आणि डोकं सटकलं की मला आपण फार हुशार आहोत असं वाटायला लागतं.

"शेठ," मी उठून म्हणालो, "यंदाची फायनल आत खेळू. जिंकलो तर कुणालचं खरं, छपराखाली आमचं भलं, मैदान द्या कंपनीला. पण हरलो, तर मैदान गावाचं. तुमच्या हयातीत तिथं पत्रा चढणार न्हाय. ठेवा देवीपुढच्या नारळावर हात."

आमच्याकडे त्या नारळावर हात ठेवला की शब्द फिरत नाही. सख्ख्या भावांच्या वाटण्या त्याच्यावर झाल्यात. शेठनी लगेच हात ठेवला. मग मीही ठेवला, रुबाबात. हिशोब साधा होता: आम्ही जिंकतो उन्हामुळे, छपराखाली ऊन नाही, म्हणजे आम्ही हरणार आणि मैदान वाचणार.

घरी बायको मैना भाकऱ्या थापत होती. सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे आता तुम्हाला हरायचं हाय?"

"हां."

"ते तरी नीट जमेल ना?"

कप्तान तुळशीरामला मात्र ते पटेना. तिशीचा गडी, त्याच मैदानात चालायला शिकला. त्याच्या आईने तिथे भात लावलाय, शेठच्या बापाकडे मजुरीला असताना. "दादा, मी मुद्दाम हरणार न्हाय," तो म्हणाला.

"मुद्दाम कशाला? ऊन न्हाय तर आपण तसेच हरतो."

"आणि न्हाय हरलो तर?"

"तर थोडं मुद्दाम."

त्याने मैदानाकडे बघितलं. मग म्हणाला, "मैदानासाठी हाय ना? मग ठीक हाय."

फायनलला समोर आली ठाण्याची एक अकॅडमी. एकसारखे बूट, एकसारख्या बॅगा, बर्फाच्या तीन पेट्या. गोडाऊनच्या मधोमध लोखंडी खांब होते, त्यांना गाद्या बांधल्या होत्या. हजारभर माणूस आत कोंबला. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून कुणालने सगळी शटरं खाली ओढायला लावली. शेठ पांढरे बूट घालून टेबल फॅनसमोर बसले. आख्ख्या गोडाऊनमध्ये तेवढा एकच पंखा.

सुरुवात झकास झाली. आमचा गोलकीपर भूपेश अभिनयात कच्चा, पण दोन बॉल त्याने पायांमधून सोडले. हाफ टाइमला आम्ही शून्य-दोन मागे. मी पोरांशी इतक्या प्रेमाने कधीच बोललो नव्हतो.

"असंच खेळा," मी म्हणालो. "मैदान आलं हातात."

तेवढ्यात समोरच्या बाकावर कोणीतरी ओकलं.

वळून बघतो तर अकॅडमीचे तिघे आडवे. चौथा डोक्यावर बर्फ धरून बसलेला. त्यांचे कोच शर्टाची बटणं काढत मला म्हणाले, "अहो, इथे माणसं राहतात कशी? भट्टी आहे ही!"

मी पोरांकडे बघितलं. तुळशीराम बुटाची नाडी बांधत होता. भूपेश चहा पीत होता. मेच्या दुपारी पत्र्याखाली गरम चहा.

अरे देवा! ऊन गेलं म्हणून मी खूश होतो, आणि पत्रा तापतो हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. कसं येणार? बारा वर्षं मी रोज आठ तास त्याच्याखाली असतो. माझी पोरं त्याच्याहून तापलेल्या कंटेनरमध्ये शिरून पोती उचलतात. आम्हाला ती हवा वाटते. गावातल्या एकालाही, नारळासमोर बसलेल्या एकालाही, सुचलं नाही की गोडाऊनमध्ये गरम होतं.

नियम सगळ्यांना माहीत होता: सातपेक्षा कमी खेळाडू उरले की सामना समोरच्याला.

"तुळशा, वाचव त्यांना!" मी ओरडलो.

मग दुसऱ्या अर्ध्यात जे झालं ते कुठल्या तक्त्यात सापडणार नाही. आमची पोरं बॉल सोडून पाहुण्यांची सेवा करायला लागली. भूपेश गोल सोडून त्यांच्या गोलकीपरला खोक्याच्या पुठ्ठ्याने वारा घालत होता. मैनाने लिंबू सरबताचा हंडा थेट मैदानात आणला. तुळशीरामने त्यांच्या स्ट्रायकरला काखेत धरून उभा ठेवला आणि कानात सांगत होता, "भावा, दहा मिनिटं. दहा मिनिटं उभा राहा रे. मी पाया पडतो तुझ्या." शटर उघडा म्हणून मी कुणालच्या अंगावर धावून गेलो. किल्ली वॉचमनकडे होती आणि वॉचमन गर्दीत मॅच बघत होता.

लोकांना वाटलं, काय हा खिलाडूपणा! ते आणखी ओरडायला लागले. आवाज खरंच वर गेला नाही, कुणालचं तेवढं बरोबर होतं.

आठ उरले. मग सात. सातवा मिडफिल्डर गादी बांधलेल्या खांबाला मिठी मारून हळूहळू खाली बसला. तुळशीरामने त्याला दोनदा उचललं. तिसऱ्यांदा रेफरीने शिट्टी वाजवली आणि तुळशीरामचाच हात वर केला.

वळ विजयी.

मी आयुष्यात कधी रडलो नव्हतो कप घेऊन. त्या दिवशी रडलो, आणि फोटोत ते आनंदाश्रू म्हणून छापलेत. शेठनी माझ्या गळ्यात हार घातला. "बाळाराम, पोराचं खरं ठरलं की रे," ते म्हणाले. कुणालने लॅपटॉपवर आमचा तक्ता टाकला: इनडोअर, एक सामना, एक विजय, शंभर टक्के. नारळ देवीपुढे तसाच होता.

पंधरा दिवसांत जेसीबी आला. तुळशीराम गोलपोस्ट स्वतः उपटायला गेला, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. मी जाऊन त्याच्या बाजूला उभा राहिलो. तो मला एक शिवी देईल तर बरं, असं वाटत होतं. त्याने दिली नाही.

आता तिथे कंपनीचं गोडाऊन आहे. आत चॉकलेटं असतात. चॉकलेट गरमीत वितळतं, म्हणून छताखाली फोम आणि चारी बाजूंनी एसी. मालाची काळजी कंपनी फार घेते. आमच्या पूर्ण संघाला तिथेच ड्युटी लागली, मलाही. कंपनीने सगळ्यांना स्वेटर दिलेत.

यंदा मेमध्ये सात नंबरमध्ये पुन्हा फायनल झाली. समोर शेजारच्या राहनाळ गावचा संघ होता, तिथल्या साध्या गोडाऊनांमधली लोडिंगची पोरं. दुसऱ्या अर्ध्यात भूपेश आधी ओकला. मग आमचे एकेक करून आडवे पडले. तुळशीराम शेवटी बसला, गादीच्या खांबाला टेकून. राहनाळच्या कप्तानाने त्याला पाणी पाजलं.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवर मी फोर्कलिफ्ट थांबवली. पेनल्टीची जागा मला अजून बरोबर सापडते, तिसऱ्या रॅकच्या खाली आहे. तुळशीराम तिथेच खोकी लावत होता, स्वेटरची चेन गळ्यापर्यंत ओढून.

"दादा," तो म्हणाला, "आता हरलो ना आपण? मग शेठना सांगा की. मैदान परत द्या म्हणावं."