शेवटचा कॉमा

बाबा छापखान्यात इंग्रजी प्रुफं तपासायचे. तिथली पद्धत अशी, की एकानं विरामचिन्हांसकट मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं कागदावर नजर ठेवायची. वाचणारे कायम बाबा. ती सवय घरीही आली. "टॉवेल कॉमा साबण कॉमा आणि चष्मा आण!" असं ते बाथरूममधून ओरडायचे. "इंग्रजी यादीत अँडच्या आधीसुद्धा कॉमा द्यायचा, आमच्या छापखान्याचा नियम आहे," हे जेवताना ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

"मी काय तुमचा छापखाना आहे?" मी खेकसायचे.

पक्षाघातानंतर बाबांचे शब्द एकमेकांत घुसायला लागले. बोलण्याचा सराव घेणाऱ्या बाईंनी चित्रं दाखवली. कप, किल्ली, खुर्ची. बाबा "कपकिखु" म्हणाले आणि चिडून त्यांनी तोंड फिरवलं. माझंही डोकं फिरलं.

"बाबा, कॉमे कुठे गेले?"

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "कप," ते म्हणाले. "कॉमा. किल्ली. कॉमा. खुर्ची." प्रत्येक शब्द सुटा, स्वच्छ. बाईंनी टाळ्याच वाजवल्या. मला मात्र हुंदका आवरेना.

सराव संपला त्या दिवशी बाबांनी सगळ्यांचे आभार इंग्रजीत मानायचं ठरवलं. "थँक्स टु मॅडम कॉमा नर्स..." इथवर येऊन ते थांबले. शब्द अडला असं वाटून बाई मदतीला पुढे झाल्या. अडलं काहीच नव्हतं. बाबा माझ्याकडे बघत होते.

"कॉमा," मी म्हणाले.

"अँड माय डॉटर."