दादाची नक्कल

मित्रांनो, माझ्यासारखा जुना टेपरेकॉर्डर तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलाही नसेल. कारखान्यात माझी जुळणी झाली. पुढे वर्षभर मी दुकानाच्या काचेआड बसून होतो. मग छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या एका मोठ्या भावाने मला आपल्या धाकट्या भावासाठी घरी आणले. धाकट्याला लोकांपुढे उभे राहून एकट्याने हसवायचे होते. "स्वतःचा आवाज ऐक, म्हणजे कुठे चुकतं ते कळेल," असे दादा म्हणाला. एवढे म्हणायला त्याला बराच वेळ लागला, कारण तो बोलताना अडखळत असे.

रोज सकाळी दाढी करता करता धाकटा किस्से सांगे आणि मी ते टिपून घेई. रेडिओवर त्याला पंधरा मिनिटे मिळाली, तेव्हा दादाने आख्ख्या छापखान्याला ती ऐकवली. मग टीव्हीचे बोलावणे आले. तिथे धाकट्याने "हा माझा दादा" म्हणत दादाच्या अडखळण्याची नक्कल केली. लोकांची हसून मुरकुंडी वळली. दर आठवड्याला तीच फर्माईश होऊ लागली.

आता दादालाही लोक ओळखू लागले. दुकानदार त्याला "बो-बो-बोला" म्हणे आणि रांगेतली माणसे खिदळत. दादाने तक्रार केली नाही. तो घरातही बोलेनासा झाला, एवढेच. वयाप्रमाणे माणूस गप्प होतो, असे धाकटा धरून चालला.

एका दुपारी घरात कोणी नसताना दादाने माझे बटण दाबले. कितीतरी वेळ माझ्या फितीवर नुसता त्याचा श्वासच टिपला गेला. मग तो म्हणाला, "नक्कल... छान जमते तुला. पण मी... दुकानात जाणं सोडलंय."

दुसऱ्या सकाळी धाकट्याने ते ऐकले. गालावरचा साबण सुकून गेला, तरी तो हलला नाही. मग तसाच दादाकडे गेला.

"मला सांगायचं होतंस रे."

"सां... सांगून होईपर्यंत," दादा म्हणाला, "तू हशा घेऊन... मोकळा झाला असतास."

त्यानंतर धाकट्याने ती नक्कल केली नाही. टीव्हीवाल्यांनी समजावले, मग दरडावले. नव्या किश्श्यांना हशा बेताचाच आला आणि दोन महिन्यांत त्याला नारळ मिळाला. रेडिओने मात्र त्याला ठेवून घेतले. तिथे अठरा वर्षे तो स्वतःचीच फजिती सांगत राहिला.

दादा बोलू लागला, पण लगेच नाही. दीड वर्ष गेले. एका सकाळी त्याने चहा पिता पिता धाकट्याच्या किश्श्यातली चूक काढली आणि ती बरोबर निघाली. धाकट्याने मान वळवून डोळे पुसले.

मित्रांनो, आता माझा पट्टा सैल झाला आहे आणि बटणे रुतली आहेत. मला जपा, असा माझा हट्ट नाही. पण कोणी सावकाश बोलत असेल, तर त्याचे वाक्य पुरे होईपर्यंत थांबा. मला यंत्राला ते जन्मतःच येत होते. माणसांना ते शिकावे लागते.