टेर्नाला भोक पाडायचं की नाही

टेर्ना ही तुरिडची होडी. तिची म्हणजे अगदी तिनेच बांधलेली. शाळेतली नोकरी सांभाळून, हिवाळ्यामागून हिवाळे घालून, फ्योर्डकाठच्या, म्हणजे डोंगरांत लांबवर घुसलेल्या खाडीकाठच्या, शेडमध्ये तिने एकेक फळी वाफेवर वाकवली होती. पुढून टोकदार, मागूनही तितकीच टोकदार, एक डोलकाठी, एक मोठं शीड, आणि वारा पडलाच तर लांबलचक वल्हं. ते वल्हं मारणं तिच्या नवऱ्याचं, आयलर्टचं काम. पण गेल्या हिवाळ्यात तो अंगणातल्या बर्फावर आपटला आणि त्याचा उजवा खांदा कामातून गेला. आता वल्हं भिंतीला टेकून उभं होतं आणि टेर्नाही शेडमध्ये तशीच.

इंजिन बसवायचं, यावर दोघांचं एकमत होतं. भांडण होतं ते कुठे बसवायचं यावर. होडीच्या पोटात बसवलं, तर त्याचा दांडा बाहेरच्या पंख्यापर्यंत न्यायला होडीच्या मागच्या टोकाच्या उभ्या खांबाला, पाण्याखाली, आरपार भोक पाडावं लागणार. बाहेर टांगावं, तर टेर्नाची पाठ टोकदार, टांगायला सपाट फळीच नाही. बाजूला लोखंडी कंस ठोकून कमरेला लटकवावं लागणार. तुरिडला भोक नको होतं, आयलर्टला लटकणं नको होतं.

"अगं, एवढंसं भोक! जगातल्या सगळ्या होड्यांना असतं," आयलर्ट म्हणायचा.

"जगातल्या सगळ्या मी नाही बांधल्या."

"पाणी आलंच आत, तर मी चमच्याने काढीन."

"तू? तुझा चमचा सूप सांडल्याशिवाय तोंडापर्यंत येत नाही."

यावर आयलर्ट हसायचा, पण एकदा तो हसला नाही. "तुरिड, ते लटकतं यंत्र घेऊन मी सामुद्रधुनीतून येणार नाही. तुला जायचं तर तू जा," म्हणाला. दर उन्हाळ्याला जायच्या त्या बाहेरच्या बेटांवर ती त्याच्याशिवाय कधी गेलीच नव्हती, आणि जायचं मनातही नव्हतं. होडी काय, विकता आली असती. पण दोघांचे उन्हाळे कुणाला विकणार?

शेवटी शेजारचा हालगैर मध्ये पडला. त्याने आपलं जुनं इंजिन कंसासकट आणून दिलं. "एकदा जाऊन तर या! जमलं तर ठेवा, नाही जमलं तर परत द्या. फक्त तळाशी सोडून येऊ नका, मला कोळंबीसाठी लागतं." ठरलं. यंत्राने सामुद्रधुनी पार केली, तर ते कमरेला राहणार. नाही केली, तर भोक.

बाहेर समुद्रात जायला ती सामुद्रधुनी ही एकच वाट. आतल्या अख्ख्या फ्योर्डाचं पाणी त्या अरुंद फटीतून बाहेर जातं आणि पुन्हा तिथूनच आत येतं. दिशा बदलताना ते थोडा वेळ उभं राहतं. तेवढ्यात जायचं, एरवी काठावरून बघायचं. पाणी कधी उभं राहणार ते भरतीच्या तक्त्यात छापलेलं असतं, पण थंडीच्या वेळेने; उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे जातं, म्हणून तो तास आपला आपण मिळवायचा. लग्न झाल्यापासून आयलर्ट तो तास विसरत आला होता. त्या सकाळी त्याने तक्ता बघून वेळ सांगितली, आणि तुरिडने नेहमीसारखा मुकाट्याने एक तास मिळवला. बायकोने किती वेळा बोलून दाखवायचं!

निघाले तेव्हा ऊन होतं, वारा नावालाही नव्हता. इंजिन छान फुरफुरत होतं. तुरिडने सुकाणू धरलं होतं, आयलर्ट लेफ्साचा, बटाट्याच्या मऊ पोळीचा, तुकडा तोंडात धरून इंजिनाकडे संशयाने बघत होता. पूल दिसला. पुलाखालच्या खडकांवर गळ टाकून बसलेली माणसं उठून हात हलवू लागली. तुरिडनेही हात हलवला.

"आज फार प्रेमात आलेत सगळे," ती म्हणाली.

आयलर्ट पुढे बघत होता. "तुरिड, ते ये म्हणत नाहीयेत."

आणि मग तिला आवाज ऐकू आला. पाण्याचा खळखळाट नव्हे; खालून, फळ्यांतून, तळपायातून येणारी जाड घुमघुम. समोर पाण्याला उतार होता. समुद्राला उतार! डावीकडचं पाणी उजवीकडच्यापेक्षा उंच होतं आणि त्यांच्या मधोमध हिरवा गुळगुळीत भोवरा फिरत होता, आत आत खोल, इतका स्वच्छ की बाजूंवरून फिरणाऱ्या शेवाळाच्या पट्ट्या दिसत होत्या. तुरिड जन्मापासून इथली. काठावरून तिने हे शंभरदा पाहिलं होतं, आल्यागेल्याला दाखवलं होतं. पण त्याच्या आत बसून पाहिलं नव्हतं. तिला भीती वाटायला हवी होती, आणि वाटतही होती. पण तिच्यापेक्षा मोठं दुसरंच काहीतरी छातीत भरलं होतं. चंद्र कुठेतरी वर फिरतो म्हणून इथे एवढं पाणी उठून चालायला लागतं, आणि त्याला आपण असल्या नसल्याने काही फरक पडत नाही. तिचे डोळे भरून आले. इतकं सुंदर काही तिने आजवर पाहिलं नव्हतं.

भोवऱ्याच्या कडेने टेर्ना फिरली आणि उजवीकडे कलली. डाव्या कमरेचा पंखा पाण्याबाहेर आला आणि इंजिन हवेत किंचाळू लागलं. ते पुन्हा पाण्यात दाबायला आयलर्ट होडीच्या काठावर पोट टेकून बाहेर झुकला. तोही दुखऱ्या हाताने. तुरिडला आता ना भोवरा दिसला ना उतार. तिला दिसले त्याचे बूट. ते होडीच्या तळावरून उचलले गेले होते.

तिने सुकाणू मांडीत दाबलं आणि त्याच्या पट्ट्याला मूठ घातली. "सोड ते! मेलं गेलं ते यंत्र! आत ये!"

"अगं, हालगैरचं आहे—"

"आत ये म्हणते ना!"

तो धपकन तिच्या पायांवर पडला. तिने इंजिन बंद केलं. मग करण्यासारखं काही उरलंच नाही. होडी दोनदा पूर्ण फिरली, पूल डोक्यावरून गेला, एक गरुड खाली बघत गेला. पाण्याने त्यांना उतारावरून नेलं आणि एका खडकामागच्या शांत पाण्यात, बाजूला ठेवल्यासारखं, ठेवून दिलं. दोघंही बराच वेळ मागे बघत राहिले. अजूनही घुमत होतं ते.

"असलं असतं हे," आयलर्ट हळूच म्हणाला. "आणि आपण त्यावर इंजिनाचं भांडतोय."

"तक्त्यात तास मिळवला नव्हतास ना?"

"मिळवला होता. या वेळी आठवणीने मिळवला." मग त्याने तिच्याकडे बघितलं. "तूही?"

तिने मान डोलावली. तो हसायला लागला, खांदा धरून, कळवळत हसत राहिला. "भोक नको पाडूस," तो म्हणाला. "हे यंत्र चाललं असतं गं. वेळेवर आलो असतो तर आरामात चाललं असतं. तू जिंकलीस."

त्याचं खरं होतं. तुरिडलाही ते कळत होतं. पण तिच्या डोळ्यांसमोरून ते अधांतरी बूट हलत नव्हते. "भोक पडणार," ती म्हणाली. "आणि मीच पाडणार. दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही."

पानगळीत तिने ते पाडलं. टेर्ना शेडमध्ये आडव्या ओंडक्यांवर उभी, तुरिड बाहेर मागच्या खांबाशी लांब गिरमिट घेऊन, आणि आयलर्ट आत बसून टोक सरळ येतंय का सांगायला. प्रत्येक फिरकीला तिने दात आवळून घेतले. लाकडाचा भुसा तिच्या बुटांवर पडत होता. मग एकदम हात हलका झाला. तिने गिरमिट ओढून घेतलं, गुडघे टेकले आणि भोकाला डोळा लावला.

पलीकडे, जिथे इंजिन येणार होतं तिथे, होडीच्या मधोमध आयलर्ट फतकल मारून बसला होता. सगळाच्या सगळा आत.

"आलं का सरळ?" त्याने विचारलं.

तिने डोळा तिथून हटवला नाही. "थांब जरा," ती म्हणाली, "बघू दे."