दुसरा थेंब

वैशाखातल्या त्या दुपारी तांड्यावर एवढं ऊन होतं, की कुत्रीसुद्धा बाभळीखालून हलत नव्हती. रुपाबाईनं मरळ मासोळी तव्यावर टाकली, निंबू चिरून ठेवलं आणि ट्रंकेतली बाटली आणायला दिराला, हेमसिंगला, सांगितलं.

बाटली तिच्या नवऱ्याची, रतनसिंगची. दुसऱ्या महायुद्धात पलटणीबरोबर तो ग्रीस नावाच्या मुलखात जाऊन आला आणि येताना तिथली पांढऱ्या द्राक्षांची दारू घेऊन आला. "मोहाच्यावानी घसा नाही जाळत हे," असं तो सांगायचा. "कच्च्या कैरीवानी जिभेले कटकन लागते. मटनासंगं पेली त वाया गेली. गार करा, मासोळीवर निंबू पिळा, मंग घोट घ्या."

दोन वर्षांमागं बाटली गार करायला आणि मासोळी धरायला दोघे भाऊ अडाण नदीच्या डोहावर गेले होते. रतनसिंग पाण्यात उतरला आणि गाळात रुतला. पटका फेक म्हणून त्यानं दोनदा हाक मारली. हेमसिंगनं डोक्याचा पटका सोडला, हातात धरला, आणि तसाच उभा राहिला. का, ते त्याला अजून स्वतःलाही सांगता आलेलं नाही. डोहानं अंग कधी वर दिलं नाही. हेमसिंग बाटली घेऊन घरी आला आणि दादाला मंगरूळपीरच्या मोटारीत बसवून दिलं, तो मुंबईला गेला, असं त्यानं सांगितलं.

तेव्हापासून रुपाबाई वाट पाहत होती. परवा तिचा बाप येणार होता, तिचं दुसरीकडं जमवायला.

हेमसिंगनं ट्रंक उघडली. पत्रा चटका देत होता, पण बाटली थंडगार होती आणि ओली. त्यानं ती धोतराला पुसली, तर पुन्हा ओली झाली.

"पाह्यत काय राह्यले भावजी? लगीन लावाचं हाय का तिच्याशी?" रुपाबाई म्हणाली. कोपऱ्यात पोत्यावर बसलेली म्हातारी सुंदरबाई, हेमसिंगची आई, बोळक्या तोंडानं हसली. तिला आता उजेड-अंधाराएवढंच दिसायचं.

तांड्याची रीत अशी, की पिण्याआधी घरच्या कर्त्यानं बोट बुडवून घरातल्या गेलेल्यांच्या नावानं एकेक थेंब भुईवर टाकायचा. जित्याच्या नावानं टाकला, तर त्याला हातानं मारल्यासारखं.

"जेवढे गेले तेवढे टाका," रुपाबाई हळूच म्हणाली. "एकबी चुकवू नका. जिता असन त मी बापासंगं जात नाही."

तेव्हा हेमसिंगला कळलं, की मासोळी कशासाठी शिजली.

त्यानं बूच काढलं, बोट बुडवलं. "सोमलाबापूले," म्हणून बापाच्या नावानं एक थेंब टाकला आणि बोट धोतराला कोरडं पुसलं.

भुईवर दोन थेंब होते. एक बघता बघता मुरला. दुसरा तसाच राहिला, आणि सावकाश रुंद होऊ लागला.

रुपाबाई कितीतरी वेळ त्याकडं पाहत होती. मग तिनं दंडावरच्या बांगड्या एकेक करून उतरवल्या आणि ओळीनं मांडल्या.

"याडी," हेमसिंग आईला म्हणाला, "मले काही सांगाचं हाय."

म्हातारीचं लक्ष त्याच्याकडं नव्हतं. दारातला उजेड कुणी अडवून उभं राहिल्यासारखं तिनं तिकडं तोंड वर केलं होतं.

"पह्यले आंग पुस बापा," ती म्हणाली, "मंग जेवाले बस."

आणि पोत्यावर थोडी सरकून तिनं जागा केली.